‘आपण’ म्हणजे कोण कोण?



युद्धावरच्या कथा-कादंबऱ्यांत प्रचारामुळं लहान पोराची निरागसता कशी जाते, असा विषय मला दिलेला आहे. पण हा ‘निरागसता’ शब्दच माझ्या तोंडात नीट बसत नाही. तो पांढरपेशा साहित्याच्या दिवाणखान्यातला. तिथलं पोर आधी पाऊस बघतं, चिमणीला दाणे घालतं, आणि शेवटच्या पानावर त्याला कळतं की जग वाईट आहे. मग समीक्षक लिहितात : निरागसतेचा अंत. आपल्या वस्तीतल्या पोराला ही बातमी बालवाडीच्या आधीच, नळावरच्या रांगेत मिळालेली असते. म्हणून ‘निरागसता गेली’ असं वाचलं की मी पहिल्यांदा विचारतो, कुणाची गेली? आणि मुळात होती कुणाकडं?

हा प्रश्न घेऊन मी काही पुस्तकं वाचली. मॅट्रिकची इंग्रजी आणि मांडीवर डिक्शनरी, एवढाच माझा अधिकार. मी प्राध्यापक नाही. ज्याला व्याख्या पाहिजेत त्यानं विद्यापीठात जावं. मी गोष्टी सांगणार आहे.

हान्स पीटर रिश्टर नावाचा जर्मन लेखक. त्याची १९६१ सालची कादंबरी इंग्रजीत ‘फ्रेडरिक’ या नावानं मिळते. रिश्टर १९२५ साली कोलोन शहरात जन्मला, म्हणजे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा हा सात-आठ वर्षांचा. कादंबरीतली दोन पोरंही १९२५ चीच. एकाच इमारतीत, आठवड्याच्या अंतरानं जन्मलेली. एक ज्यू, फ्रेडरिक श्नायडर. दुसरा गोष्ट सांगणारा, आणि त्याला अख्ख्या पुस्तकात नाव नाही. प्रकरणाच्या डोक्यावर साल छापलंय आणि खाली मजकूर. लेखक कुठं गळा काढत नाही. हवालदार पंचनामा लिहितो तसं कोरडं लिहितो, आणि त्यामुळंच ते जास्त लागतं.

१९३३ सालच्या प्रकरणात बिननावाचा पोरगा फ्रेडरिकला युंगफोकच्या बैठकीला घेऊन जातो. युंगफोक म्हणजे बारक्या पोरांची नाझी संघटना. फ्रेडरिक खूष असतो. त्यालाही रांगेत उभं राहायचंय, गाणी म्हणायचीत, गळ्यात रुमाल बांधायचाय. पोरच ते, त्याला बाकी काय पाहिजे असणार? तिथं पक्षाचा एक कुबडा वक्ता येतो, ज्यू लोक जनावर कसं कापतात याचं रक्ताळलेलं वर्णन करतो, आणि शेवटी पोरांकडून एक वाक्य म्हणून घेतो : ज्यू म्हणजे आपलं दुर्दैव. हे वाक्य त्या कुबड्याचं नव्हे बरं का. ते १८७९ साली हाइनरिश फॉन ट्राइश्के या बर्लिनच्या मोठ्या इतिहासकारानं लिहिलं. पुढं ‘डेर श्टुर्मर’ नावाच्या नाझी साप्ताहिकानं ते पहिल्या पानाच्या तळाला छापायला घेतलं. विद्वानाच्या लेखणीतून निघालं आणि पन्नासेक वर्षांनी आठ वर्षांच्या पोराच्या तोंडात जाऊन पडलं. घाण नेहमी गटारातूनच वर येते असं नाही, दोस्तांनो. पुष्कळदा ती वरच्या मजल्यावरून खाली येते. आपल्याला हे कुणी शिकवायला नको.

तर तो वक्ता नेमकं फ्रेडरिकला पकडतो. त्याला ठाऊक नाही की हा ज्यू आहे. म्हण, ज्यू म्हणजे आपलं दुर्दैव! सगळी पोरं बघतायत. आणि फ्रेडरिक म्हणतो, ज्यू म्हणजे तुमचं दुर्दैव.

एकच शब्द बदलला. ‘आपलं’चं ‘तुमचं’ केलं. फ्रेडरिक खोलीतून निघून जातो. बिननावाचा पोरगा बसल्या जागी बसून राहतो.

मला विचाराल तर सगळा विषय या एका शब्दात आहे. इंग्रजीत ‘वुई’ एकच. जर्मनमध्येही एकच. मराठीत मात्र दोन आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. वर हाच ‘आपण’ आदरार्थी पण आहे, आपण बसावे, आपण चहा घ्यावा! असला गोड शब्द दुसरा नाही. आणि प्रचाराचं सगळं काम या गोड शब्दावर चालतं. प्रचार पोराला खोटं सांगतो, हे अर्धंच खरं. खोटं तर पोराला आई-बापही सांगतात, आणि तरी पोर पोरच राहतं. प्रचार त्याला ‘आपण’मध्ये घेतो. दारात एकच अट असते, की दुसऱ्या कुणाला तरी बाहेर ढकल. ज्या क्षणी पोर ही अट मान्य करतं, त्या क्षणी त्याचं बालपण संपलं. बॉम्ब नंतर पडतात.

ती अट कशी वसूल होते तेही रिश्टर दाखवतो. नोव्हेंबर १९३८. ज्यूंची दुकानं, घरं, प्रार्थनामंदिरं फोडली गेली. बिननावाचा पोरगा शाळेतून घरी चाललाय. एका ज्यू वसतिगृहापुढं गर्दी आहे. तो आधी बघतो, मग दार ढकलायला हात लावतो, मग आत शिरतो. त्याच्या हातात हातोडा येतो. काचा, कपाट, जे दिसेल ते फोडत सुटतो, आणि त्याला मजा येते. ही मजा लेखकानं लपवलेली नाही, यासाठी मी त्याला मानतो. आपले लेखक असते तर पोराच्या डोळ्यांत लगेच पाणी आणलं असतं. इथं पोरगा दमेपर्यंत फोडतो, मग त्याला किळस येते. जिन्यात आरशाचा अर्धा तुकडा पडलेला असतो, त्यात तो स्वतःला बघतो आणि घरी पळतो. पण घरी पळून जाऊन उपयोग नाही. तीच गर्दी त्याच्या इमारतीत येते आणि वरच्या मजल्यावरचं फ्रेडरिकचं घर फोडते.

आता सांगा, निरागसता कुणाची गेली? बिननावाच्या पोराची. कारण त्याच्याकडं ती होती, राज्यानं त्याला ती ठेवू दिली होती. फ्रेडरिकला तिची चैन परवडणारी नव्हती. त्याच कादंबरीत फ्रेडरिक पोहायच्या तलावावर जातो. ओळखपत्रावरून तो ज्यू आहे हे कळतं आणि तिथला नोकर त्याला चारचौघांत अपमान करून हाकलतो. पाणी बाटेल म्हणून. हे प्रकरण मी वाचलं ते महाडच्या माणसासारखं वाचलं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा फ्रेडरिक दोन वर्षांचाही नव्हता. जगात पाणी सगळीकडं सारखंच बाटतं, दोस्तांनो.

अजून एक. रिश्टरनं लगेच १९६२ मध्ये दुसरं पुस्तक लिहिलं. त्यात तीच पिढी हिटलर-युवकांत जाते आणि पुढं लढाईवर. त्याचं जर्मन नाव आहे ‘आम्ही तिथं होतो’. इंग्रजीत आणताना त्याचं ‘मी तिथं होतो’ झालं. भाषांतरकारानं काय विचार केला असेल तो असो, पण ‘आम्ही’चं ‘मी’ केलं की जबाबदारी एका माणसाच्या खात्यावर जाते आणि बाकीचे मोकळे होतात. लेखक म्हणत होता, आम्ही सगळे होतो.

आता ही ‘आपण’ची भरती कशी चालायची ते बघू. आपल्याला वाटतं प्रचार म्हणजे मैदान, लाऊडस्पीकर, ओरडणारा पुढारी. १९३८ साली न्यूरेंबर्गमध्ये, श्टुर्मरच्याच छापखान्यातून, पोरांसाठी एक रंगीत चित्रांचं पुस्तक निघालं, ‘विषारी छत्री’. पहिल्या गोष्टीत आई आणि पोरगा जंगलात अळंबी वेचायला जातात. आई मायेनं सांगते, बाळा, काही अळंबी चांगली, काही विषारी, दिसायला मात्र सारखी. माणसांचंही तसंच. आणि विषारी माणसं कोण, ते पोरगाच सांगतो. आई शाबासकी देते. बघा, किती सुंदर! जंगल, सकाळ, आईचा हात. निरागसता मोडून प्रचार आत शिरत नाही, तो निरागसतेचंच बोट धरून येतो. त्या प्रकाशकाला, युलिउस श्ट्राइखरला, १९४६ साली न्यूरेंबर्गला फाशी दिलं. पुस्तक वाचून मोठं झालेल्या पोरांना कुठल्या कोर्टात नेणार?

मग दहाव्या वर्षी युंगफोक. खाकी शर्ट, काळी अर्धी चड्डी, आणि परीक्षा : साठ मीटर बारा सेकंदांत पळायचं, लांब उडी, दोन-चार पाठ केलेली उत्तरं. पास झालं की कमरेला खरा चाकू, त्याच्या पात्यावर ‘रक्त आणि इज्जत’ कोरलेलं. जरा विचार करा, ज्या पोराला घरात कुणी विचारत नाही, शाळेत मास्तर कान पिळतो, त्याला एकदम चाकू आणि इज्जत! कुठलं पोर नाही म्हणेल? मार्च १९३९ पासून नाही म्हणायची सोयच राहिली नाही, भरती सक्तीची झाली.

पुढं हा ‘आपण’ घरात शिरतो आणि घर फोडतो. ब्रेख्त तुम्हाला ठाऊक आहे. पु. ल. देशपांड्यांनी त्याचं ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं, तोच. त्याच्या ‘तिसऱ्या राइशमधील भीती आणि दैन्य’ या नाट्यमालिकेत ‘खबऱ्या’ नावाचा एक प्रवेश आहे. रविवारची दुपार, मास्तर, त्याची बायको आणि लहान पोरगा. बाप सरकारबद्दल काहीतरी बरळतो. थोड्या वेळानं बघतात तर पोरगा घरात नाही. बस्स. पुढचा सगळा प्रवेश म्हणजे दोघांचा थरकाप. कुठं गेला? खबर द्यायला गेला? आपण नक्की काय बोललो? हिटलरची तसबीर कुठं लावू? लढाईतलं पदक छातीला लावू का? शेवटी पोरगा परत येतो. म्हणतो, चॉकलेट आणायला गेलो होतो. हातात चॉकलेटची पुडी पण आहे. आई-बापाला पडदा पडेपर्यंत कळत नाही की तो खरं बोलला की नाही. कदाचित पोरगा खरंच गोळ्या-चॉकलेटच आणायला गेला असेल! आई-बापाच्या नजरेतच तो आता पोर उरलेला नाही. निरागसता पोराकडं असून भागत नाही, ती बघणाऱ्याच्या डोळ्यांत पण लागते.

मास्तरांचा विषय निघालाच आहे तर रेमार्क घ्यावा लागतो. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’, १९२९. पहिल्या महायुद्धाची गोष्ट. कांटोरेक नावाचा मास्तर वर्गात भाषणं झोडून झोडून अख्खा वर्ग भरतीच्या कचेरीत नेतो. एक जाडा, बेम, यायला तयार नसतो. सगळे चालले म्हणून तोही येतो, आणि सगळ्यांत आधी मरणाऱ्यांपैकी तोच. पुढं लढाईला माणसं कमी पडतात तेव्हा कांटोरेकलाच वर्दी चढवावी लागते, आणि त्याचा एक जुना विद्यार्थी त्याला कवायतीत घुमवतो. ते वाचताना मी मोठ्यानं हसलो. गोष्ट मोठी आहे, चांगली आहे. नाझींनी १९३३ मध्ये ती जाळली यातच तिची किंमत कळते. पण कांटोरेक ओळखायला सोपा आहे. रिश्टरचा मास्तर जास्त अवघड. फ्रेडरिकला शाळेतून काढायची वेळ येते, तेव्हा हा न्यूडोर्फ मास्तर वर्गाला ज्यूंच्या छळाचा इतिहास सांगतो, त्याच्याशी माणुसकीनं वागा म्हणतो, प्रेमानं निरोप देतो. आणि तास संपताना हात वर करून ‘हाइल हिटलर’ म्हणतो. काय करायचं असल्या मास्तराचं? आपल्या शाळांत असले मास्तर डझनानं होते आणि आहेत. आपल्या पोराला वही घेऊन देतील, डोक्यावरून हात फिरवतील, आणि व्यवस्थेला सलाम ठोकून पगार उचलतील.

आता ‘आपण’ शेवटी कुठं जाऊन पोचतो? जर्मनीत १९४४-४५ मध्ये सोळा वर्षांच्या पोरांना बंदुका दिल्या. ‘द ब्रिज’ ही मानफ्रेड ग्रेगोर या टोपणनावानं १९५८ साली लिहिलेली कादंबरी, आणि बर्नहार्ड विकीचा १९५९ चा सिनेमा. सात पोरं, एक बिनकामाचा पूल. त्या पुलाला लष्करी किंमतच नाही, आपलीच माणसं तो उडवायला येणार आहेत. पण पोरांना शिकवलेलं असतं की जमिनीचा तुकडा सोडायचा नाही. सातांतला एक उरतो. राष्ट्राचा ‘आपण’ एवढा मोठा, आणि शेवटी पुलावर फक्त सात पोरं. ज्यांनी शिकवलं ते कुठं होते?

जपानात या ‘आपण’ला उलट बाजूनं एक शब्द होता : ‘हिकोकुमिन’. जो राष्ट्राचा नाही तो. केइजी नाकाझावाच्या ‘बेअरफूट गेन’ या चित्रकथेत तो पानोपानी शिवीसारखा येतो. नाकाझावा सहा वर्षांचा असताना हिरोशिमात होता. ६ ऑगस्ट १९४५ ला त्याचा बाप, बहीण आणि भाऊ गेले. चित्रकथा १९७३ पासून पोरांच्या साप्ताहिकात येऊ लागली. म्हणजे इथं पँथर जन्मली त्याच्या पुढच्या वर्षी. गेनचा बाप लाकडी चपलांना रंग द्यायचं काम करतो आणि उघड म्हणतो की ही लढाई श्रीमंतांची आहे. झालं. पोलीस त्याला झोडपतात, वस्तीतली माणसं तोंड फिरवतात, त्यांचं गव्हाचं शेत तुडवतात, शाळेत गेनच्या बहिणीवर चोरीचा आळ घेतात. त्यांच्याशी माणसासारखा वागतो तो शेजारचा कोरियन, पाक. तोही ‘आपण’च्या बाहेरचाच. बाहेरच्यांची ओळख बाहेर होते.

पण सगळ्यांत जास्त मला लागला तो गेनचा थोरला भाऊ कोजी. बापाचं म्हणणं त्याला पटतं, तरी तो नौदलाच्या विमानदळात नाव घालतो. घरावरचा डाग पुसावा, धाकट्यांना कुणी हिकोकुमिन म्हणू नये म्हणून. प्रचारावर विश्वास न ठेवताही माणूस प्रचाराच्या दारात जाऊन उभा राहतो, हे दुसऱ्या कुठल्या गोष्टीनं मला इतकं स्वच्छ दाखवलं नाही. बहिष्कृताला ‘आपण’ची भूक जास्त असते. आणि तो सामेजिमा, वस्तीचा अध्यक्ष! युद्धात सगळ्यांत मोठ्यानं देशभक्ती ओरडणारा. बॉम्ब पडल्यावर गेन त्याला ढिगाऱ्यातून काढतो आणि म्हणतो, आता माझ्या माणसांना काढायला ये. तो पळून जातो. युद्ध संपल्यावर तोच निवडणुकीला उभा राहतो आणि सांगतो, मी पहिल्यापासून शांततेचा होतो.

१९४५ नंतर जपानी शाळांत पोरांना शाई आणि कुंचला दिला. मास्तरांनी सांगायचं, अमुक पान, अमुक ओळ, आणि पोरांनी आपल्याच पुस्तकातल्या युद्धाच्या ओळी काळ्या करायच्या. काल ज्या ओळी चुकल्या म्हणून छडी, आज त्याच पुसल्या नाहीत म्हणून छडी. मास्तर तोच. त्या पोरांची निरागसता मला वाटतं त्या शाईत दुसऱ्यांदा गेली. आणि ही शाई अजून वाळलेली नाही. २०१२ च्या डिसेंबरात मात्सुए शहराच्या शिक्षण खात्यानं ‘गेन’ शाळेच्या वाचनालयात उघड्यावर ठेवू नका म्हणून सांगितलं. बोंब झाल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये ते मागं घेतलं. २०२३ मध्ये तर खुद्द हिरोशिमा महापालिकेनं शाळेच्या शांतिपाठातून ‘गेन’ काढून टाकला.

कुणी म्हणेल, जर्मनी-जपानचं आपल्याला काय? तर ऐका. १८९२ नंतर इंग्रजांनी लष्करात महारांची भरती बंद केली, लढाऊ जात नाही म्हणून. १९१७ मध्ये युद्धाला माणसं कमी पडली तशी १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये परत युद्ध, परत महार रेजिमेंट. तोफ वाजली की आपण, तोफ थंडावली की ते. आणि हे फक्त गोऱ्यांनी केलं असंही नाही. दंगल पेटवायची असली की आपल्या गल्लीत येऊन ‘आपण सगळे एक’ म्हणणारे कोण, आणि दंगल संपल्यावर केसेस कुणाच्या पोरांवर, हे इथं बसलेल्यांना ठाऊक आहे. हल्ली तर गल्लीत यायची पण गरज नाही, मोबाईलवर क्लिप टाकली की झालं.

आता जरा कडू बोलतो, चालवून घ्या. आपल्या मिरवणुकीतही दहा-बारा वर्षांची पोरं पुढं असतात. त्यांच्या हातात आपण झेंडा देतो, ते बरोबर आहे. काही ठिकाणी काठी देतो आणि टाळ्या वाजवतो. त्या पोराला ‘आपण’ म्हणजे कोण, हे कुणी सांगितलंय का? वाल्मीकी वस्तीतलं पोर त्यात आहे का? मांगवाड्यातलं? बहीण आहे का? की ‘आपण’ म्हणजे फक्त घोषणेच्या वेळी ओरडायचं तोंड? बाबासाहेबांनी शिका हे आधी म्हटलं. चाकू आधी देणारे दुसरे होते. पोराला असं वाढवा की उद्या आपल्यापैकी कुणी चुकीचं वाक्य म्हणायला सांगितलं, तर ते आपल्याच तोंडावर ‘तुमचं’ म्हणू शकेल. असं पोर चळवळीला परवडतं का? मला वाटतं त्याच्याशिवाय परवडत नाही.

आणि लिहिणाऱ्यांना एक काम सांगतो. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीला आग लागली. पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा. दुपारी चारच्या सुमाराला ती उडाली. शेकडो माणसं मेली. अग्निशमन दलाचे जवान गेले, गोदी कामगार गेले. त्यातल्या किती जणांचं नाव कुठं लिहिलंय? सरकारी सेन्सॉरनं बातमी दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी तपशील सांगितला, आणि आपल्याकडून बाहेर बातमी पाठवायची परवानगी मे महिन्यात मिळाली. तो जयंतीचा दिवस. डोंगरी-मस्जिद बंदर भागातल्या खोलीत एखादं पोर बसलं असेल, भिंत हादरली असेल, बाप पाळीवरून आला नसेल, आणि सरकारच्या लेखी काही घडलेलंच नसेल. गोदीत काम करतो म्हणून मला हे पोर सारखं दिसतं. त्याच्या कानावर त्या दिवशी कुणाचा ‘आपण’ पडला, इंग्रजांचा, जपान्यांचा की कुणाचाच नाही? ही गोष्ट कुणीतरी लिहा. मी कविता करतो, माझ्या हातून गद्य एवढंच होतं.

‘फ्रेडरिक’ची माझी प्रत आज आणलीय. शेवटचं प्रकरण मी मुद्दाम सांगितलं नाही, विमानं येतात आणि तळघराचं दार कोण उघडतं, कोण उघडत नाही, ते वाचा. प्रत एकच आहे, पुठ्ठा निघालाय. पहिलं नाव कोण देतो ते बोला, आठ दिवसांत पुढच्याकडं द्यायची. रविवारी अभ्यासिकेतल्या बारक्या पोरांना त्यातलं ते युंगफोकचं प्रकरण मी मराठीत वाचून दाखवणार आहे, ज्याला यायचं त्यानं या.

जय भीम.